लस न घेतलेला माणूस कोण असतो?

श्रीरामपुरात ज्येष्ठ नागरिकांपुढे लसीकरणावर बोलायचा प्रसंग आला की हल्ली दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "मॅडम, करोनाच्या लशीनंतर चांगली धडधाकट पोरं उभ्या उभ्या जायला लागली, त्यात लशीचा हात आहे का?" दुसरा बरोबर उलटा. तो विचारणारे बहुधा निवृत्त शिक्षक असतात, वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवणारे. "आयसीएमआरच्या अभ्यासात दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूचं प्रमाण निम्मं निघालं म्हणे. मग लशीनं हार्ट अटॅकही टळतो असं धरायचं का?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायची आम्हा जनवैद्यकातल्या लोकांना सवय झाली आहे. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र आमच्यातले बरेच जण समाधानानं थांबतात, कारण आकडा लशीच्या बाजूचा असतो. मला तिथं थांबणं जमत नाही. मी आयुष्यभर लसीकरणाचं काम केलं, विद्यार्थ्यांना तेच शिकवलं, आणि लशीच्या बाजूचा आकडा विरोधातल्या आकड्याइतकाच घासून पाहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. घासून पाहायला सुरुवात कुठून करायची, तर एका साध्या चौकशीपासून. लस घेतलेल्यांची तुलना ज्यांच्याशी केली, ते न घेतलेले लोक होते कोण?

तालुक्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात जा, आशाताईची वही मागा. नाव, वय, डोसाची तारीख, आणि शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा. लस न घेतलेल्यांच्या नावापुढे ताई तिथं आपल्या अक्षरात चार शब्द लिहिते. "अंथरुणावर." "पुण्याला मुलाकडे." "रोजानं जातात, घरी सापडत नाहीत." "ऊसतोड, गावी गेले." "डायलिसिस चालू." "नकार." कधी "नवरा नको म्हणतो". माझ्या मते आरोग्य खात्याच्या सगळ्या कागदांत हा रकाना सर्वांत मोलाचा आहे. आणि नेमका तोच वर जात नाही. महिन्याचा अहवाल तालुक्याला पोचतो तेव्हा अंथरुणावरची म्हातारी, रोजंदारीवरचा मजूर आणि मुद्दाम नाही म्हणणारा दुकानदार असे तिघेही एकाच आकड्यात जाऊन बसतात: लस न घेतलेले.

आता सत्राच्या दिवशी दहाच्या ठोक्याला कोण येतं ते पाहा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे टाइमकीपर येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधारची झेरॉक्स, साखरेचे मागचे सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले, गोळ्यांची पाकिटं. भावाची बायपास झाली त्या वर्षी तंबाखू सुटली. पहाटे पाटाच्या कडेनं चालणं. मोटरसायकलवर डोक्यात हेल्मेट, तेही गावात. डोळे, दात, प्रोस्टेट, सगळ्याची तपासणी वेळच्या वेळी. सून डब्यात मीठ कमी घालते. या गृहस्थांना लशीऐवजी नुसतं पाणी टोचलं असतं तरी ते पुढची पाच वर्षं शेजाऱ्यांपेक्षा बरी काढणार होते.

आणि त्याच गल्लीत पक्षाघातानं दोन वर्षं झोपलेली आजी असते. ताई तिच्या दारात दोनदा जाऊन येते. मुलगा म्हणतो, "ताई, आता तिला कशाला सुई? चार दिवसांची सोबती." काही आठवड्यांत ती जाते. पाठीच्या जखमांनी जाते, न्यूमोनियानं जाते, कशानंही जाते. नोंद मात्र लस न घेतलेल्यांतला एक मृत्यू अशीच राहते.

आमच्या शास्त्रात याला हेल्दी व्हॅक्सिनी बायस म्हणतात. त्याची दोन अंगं आहेत. एक टाइमकीपरांचं: स्वतःची काळजी घेणारा माणूस लसही घेतो. दुसरं आजीचं: मरणाच्या जवळ पोचलेल्या माणसाला लशीपर्यंत कुणी नेत नाही. सत्रात अंगात ताप असेल तर सिस्टर "आज नको, पुढच्या वेळी या" म्हणून परत पाठवतात, ते बरोबरच आहे. पण त्यामुळे लस घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत लस घेतलेला गट नेहमीच विलक्षण निरोगी दिसतो. बरं, हा फरक वय, लिंग, मधुमेह-रक्तदाबाच्या नोंदी लावून गणितानं पुसता येईल म्हणावं, तर तसं होत नाही. कारण आजीच्या केसपेपरवर "पक्षाघात" लिहिलेलं असतं; ती कुशीवर वळू शकते की नाही हे कुठल्याच केसपेपरवर नसतं.

हे किती मोठं असू शकतं याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या सिएटलचा आहे. लिसा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरच्या ७२,५२७ माणसांच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. फ्लूची लस घेतलेल्या म्हाताऱ्यांत मृत्यू निम्म्यानं कमी होतात, असं तोवर अनेक अभ्यासांनी सांगितलं होतं. जॅक्सन यांनी शहाणपणाची एकच गोष्ट केली. त्यांनी वर्षाचे तीन तुकडे पाडले: फ्लू येण्याआधीचे महिने, फ्लूचा हंगाम, आणि हंगामानंतरचे महिने. हंगामात लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका ४४ टक्के कमी होता. हंगामाआधी, म्हणजे गावात फ्लूचा विषाणूच नसताना, तो ६१ टक्के कमी होता. जो रोग अजून आलाच नाही त्याच्यापासून लस वाचवू शकत नाही. तेव्हा ते ६१ टक्के लशीचे नव्हते, माणसांचे होते. हंगाम सरल्यावर फरक २६ टक्क्यांवर आला; अंथरुणावरची बरीच मंडळी तोवर गेली होती, आणि लस घेतलेल्यांतलेही काही जण दरम्यान खंगले होते.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, लोने सिमोन्सन यांनी निव्वळ त्रैराशिकानं हाच मुद्दा मांडला होता. हिवाळ्यात मरणाऱ्या वृद्धांपैकी फ्लूमुळे मरणारे दहांत एकाहून कमी. मग फ्लू समूळ थांबवला तरी एकूण मृत्यू निम्मे कसे होतील? शिवाय अमेरिकेत वृद्धांमधलं लसीकरण १९८० च्या आधीच्या १५ टक्क्यांवरून २००१ पर्यंत ६५ टक्क्यांवर गेलं, आणि त्यांच्या हिवाळी मृत्यूंत त्या मानानं उतार दिसला नाही. ही शाळेतल्या मुलालाही जमणारी वजाबाकी आहे, आणि तज्ज्ञांनी ती अनेक वर्षं केली नव्हती. याचं मला अजून वाईट वाटतं.

काळजी घेणारा माणूस किती वेगळा असतो हे औषधांच्या बाबतीतही दिसलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या पुरुषांवर अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात एका गटाला औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा गोळ्या दिल्या होत्या. १९८० मध्ये छापलेले आकडे असे: या खोट्या गोळ्या नेमानं घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले, टाळाटाळ करणाऱ्यांपैकी २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. नेमानं गोळी घेणाऱ्या माणसात काहीतरी होतं, आणि संशोधकांनी चाळीस बाबींचा हिशेब लावून पाहिला तरी तो फरक पुसला गेला नाही.

लशीपुरतं बोलायचं तर जुना धडा न्यूयॉर्कच्या बीसीजीचा आहे. क्षयरोगी असलेल्या घरांतल्या बाळांना बीसीजी द्यायची होती. १९२७ ते १९३२ या काळात कुठल्या बाळाला टोचायचं हे डॉक्टर ठरवत. साहजिकच ते समजूतदार, पुन्हा तपासणीला येतील अशा आईबापांची मुलं निवडत. लस दिलेल्या ४४५ मुलांपैकी क्षयानं ३ गेली, न दिलेल्या ५४५ पैकी १८. पाचपट फरक. कुणीही म्हणेल, लस सिद्ध झाली. पण १९३३ पासून पद्धत बदलली आणि आळीपाळीनं, एक सोडून एक बाळ, अशी लस देणं सुरू झालं. १९४४ पर्यंतचा हिशेब: लस दिलेल्या ५६६ पैकी ८ मृत्यू, न दिलेल्या ५२८ पैकीही ८. लस तीच, शहर तेच, रोग तोच. फक्त निवडणारा हात बाजूला झाला आणि पाचपट फरक विरून गेला. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते हे पुढच्या काळात चांगल्या अभ्यासांनी दाखवलं, म्हणून ती आजही जन्मताच दिली जाते. पण पहिल्या सहा वर्षांचा तो आकडा बीसीजीबद्दल काही सांगत नव्हता. आईबापांबद्दल सांगत होता.

हे सगळं परदेशातलं म्हणून कुणी बाजूला सारू नये. या प्रश्नाची एक मोठी झुंज आपल्याच मुलखात झाली, आणि ती मराठी वाचकाला माहीत असायला हवी.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तिथं गेले आणि जे कैदी तयार झाले त्यांना, म्हणजे सुमारे निम्म्यांना, त्यांनी लस टोचली. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेलं कुणी नाही.

आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण दोन गोष्टी नीट पाहा. टोचून घ्यायला जे पुढे आले ते स्वतःहून पुढे आले. ज्याच्या अंगात आधीच कणकण होती, जो कोपऱ्यात पडून होता, तो पुढे आला असेल का? आणि ज्यांच्यात टोचलं त्याच दिवशी रोग दिसला, ते हिशेबातून वगळले गेले. त्यांचा रोग लशीआधीचाच होता हे खरं, पण न टोचलेल्यांतल्या तशाच माणसांना कुणी तितक्या काटेकोरपणे बाजूला काढलं का, हा प्रश्न उरतोच. आज करोनाच्या अभ्यासांत "डोसानंतरचे पहिले १४ दिवस धरायचे की नाही" यावर जो वाद होतो, त्याचं मूळ या तुरुंगात आहे. तुरुंगाची एक बाजू मात्र भक्कम होती. सगळ्यांचं जेवण एक, छप्पर एक, दिनक्रम एक. बाहेरच्या मुंबईत ती सोय कुठली!

हाफकिन यांना ही अडचण पुरती कळत होती, आणि म्हणूनच मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी प्लेग होता. तिथं हाफकिन यांनी घरोघरी जाऊन प्रत्येक कुटुंबाची वाटणी केली: घरातल्या निम्म्या माणसांना टोचायचं, निम्म्यांना तसंच ठेवायचं. बाप टोचलेला, आई नाही. एक मुलगा टोचलेला, एक नाही. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, घरची गरिबी-श्रीमंती तीच, स्वच्छतेची सवय तीच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली ७१ माणसं होती आणि न टोचलेली ६४. टोचलेल्यांत ८ जणांना प्लेग झाला, ३ मेले. न टोचलेल्यांत २७ जणांना झाला, २६ मेले.

भायखळ्याच्या आकड्यापेक्षा उंढेऱ्याचा आकडा मला कितीतरी जड वाटतो. त्या काळी "यादृच्छिक वाटणी" ही कल्पना वैद्यकात रुळलेली नव्हती. तरीही घराच्या आत तुलना करायची हे त्यांना सुचलं. आजच्या नीतिनियमांत ही वाटणी बसणार नाही, आणि त्या २६ माणसांचा विचार मनातून जात नाही हेही लिहून ठेवते. पण हाफकिनच्या लशीवर नंतर जो विश्वास बसला, तो असल्या कष्टाच्या तुलनेनं मिळवलेला होता. परळच्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, ती आजची हाफकिन संस्था.

उंढेऱ्यानंतर सहाच वर्षांनी, १९०४ मध्ये, लंडनच्या कार्ल पिअर्सन यांनी सैनिकांमधल्या विषमज्वराच्या लशीचे आकडे तपासले. लस स्वेच्छेची होती. पिअर्सन यांचं म्हणणं असं, की जो शिपाई आपणहून लस घेतो तो पाणीही जपून पीत असेल. तेव्हा लशीचा गुण आणि शिपायाचा गुण वेगळे करायचे तर स्वेच्छेनं आलेल्यांची यादी करा आणि त्यातल्या एक सोडून एकालाच लस द्या. दोन्हीकडे तयार झालेलीच माणसं, फरक फक्त सुईचा. सव्वाशे वर्षं होत आली, याहून नेमकं काही कुणी सांगितलेलं नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या वढू इथल्या केंद्रात हीच रीत पूर्णत्वाला गेलेली दिसते. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची भारतीय लस, रोटाव्हॅक, दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथल्या ६,७९९ बाळांवर तपासली गेली, त्यातलं पुण्याचं काम याच केंद्राचं. सगळ्या बाळांच्या आईबापांनी होकार दिलेला, मग दोघांना लस आणि एकाला तशीच दिसणारी बिनलशीची मात्रा. कुणाला काय मिळालं हे ना आईला ठाऊक, ना देणाऱ्याला. २०१४ मध्ये निकाल आला. गंभीर रोटा जुलाबांपासून सुमारे ५४ टक्के संरक्षण. आकडा भव्य नाही. पण तो लशीचा आहे, त्यात आईबापांच्या जागरूकतेची भेसळ नाही, म्हणून मी तो कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगते.

एक गैरसमज इथंच दूर केला पाहिजे. लस घेणारा नेहमीच अधिक निरोगी असतो, असा काही नियम नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. लाखामागे पोलिओचं प्रमाण लस दिलेल्या मुलांत २८ होतं, बिनलशीचं इंजेक्शन दिलेल्यांत ७१, आणि ज्यांच्या आईबापांनी नकारच दिला त्यांच्यात ४६. नकार देणाऱ्यांची मुलं होकार देणाऱ्यांच्या बिनलशीच्या मुलांपेक्षा सुरक्षित! कारण पोलिओची रीतच उलटी. दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या मुलाला तो विषाणू तान्हेपणीच, आईच्या प्रतिकारशक्तीचं कवच असताना, भेटून जातो. स्वच्छ घरातल्या मुलाला तो उशिरा भेटतो आणि पांगळं करतो.

आपल्याकडेही २०२१ मध्ये सुरुवातीला उलटाच प्रकार झाला. १ मार्चपासून ६० वर्षांवरच्यांना लस खुली झाली, आणि ४५ ते ५९ मधल्या ज्यांच्याकडे ठरावीक वीस आजारांपैकी एखाद्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र होतं त्यांना. म्हणजे त्या महिन्यात पन्नाशीतला लस घेतलेला माणूस हा न घेतलेल्यापेक्षा अधिक आजारी होता. १ एप्रिलला सरसकट ४५ वर्षांवरच्यांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. मे महिन्यात कोविनवर स्लॉट पकडायला स्मार्टफोन आणि चपळ बोटं लागू लागली, तेव्हा ते आणखी पालटलं. मार्चची आणि मेची माणसं एका टोपलीत घालून काढलेली सरासरी कशाचीच नसते.

श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात हा प्रश्न दर हिवाळ्यात मुलांच्या बाबतीत उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, आष्टीकडून ऊसतोडीची कुटुंबं येतात. उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. बाळाचं लसीकरण कार्ड गावाकडच्या ट्रंकेत राहतं, आणि नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस अनेकदा नेमका हंगामात येतो. समजा त्या कोप्यांत गोवर शिरला. न टोचलेली मुलं आजारी पडतात, त्यातली काही दगावतात. गावातली टोचलेली मुलं तगतात. हा सगळा फरक लशीच्या खात्यावर मांडायचा का? कोपीत एका खाटेवर चार मुलं झोपतात. आईचा दिवस पहाटे कोयत्यानं सुरू होतो. जीवनसत्त्व अ कमी, वजन कमी, आणि मूल दवाखान्यात पोचतं ते श्वास लागल्यावर. गोवराची लस उत्तम आहे; नऊ महिन्यांच्या वयातला एक डोस सुमारे ८५ टक्के मुलांना वाचवतो. तरीही कोपीतलं मूल आणि बंगल्यातलं मूल यांची तुलना करून काढलेला आकडा लशीला नको इतकं श्रेय देतो आणि भुकेला, दाटीला, उशिराच्या उपचाराला हळूच सोडून देतो. मला यातलं दुसरं अधिक खटकतं. "लस दिली असती तर वाचलं असतं" एवढं म्हटलं की कोपीचं छप्पर आणि आईची मजुरी यांबद्दल कुणी बोलायला नको.

मुलांच्या अभ्यासांत आणखी एक सापळा असतो. गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात पीटर आबी आणि सहकारी अनेक दशकं घरोघरी फिरून नोंदी ठेवत आले आहेत. त्यांच्या गटानं हे दाखवून दिलं, की कार्यकर्ती पुढच्या फेरीला येते तेव्हा जिवंत मुलाचं कार्ड घरात असतं, गेलेल्या मुलाचं नसतं. कार्ड नाही म्हणून ते मूल "न टोचलेलं" धरलं जातं, आणि लशीनं काही केलं नसलं तरी तिचा फायदा फुगतो. गेलेल्या लेकराचं कार्ड कोणती आई सांभाळून ठेवील?

मग सगळेच निरीक्षणात्मक अभ्यास टाकाऊ का? मुळीच नाही, आणि इथं मला लसविरोधकांशी भांडायचं आहे. या पक्षपाताचं नाव घेऊन ते साऱ्या लशी निकालात काढतात. तसं करता येत नाही. उसाची भरलेली गाडी काट्यावर घेतल्यावर रिकाम्या गाडीचं वजन वजा करतात, उरतं ते उसाचं; इथंही तीच रीत. अमेरिकेत २०२१ मध्ये लस घेतलेल्या-न घेतलेल्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांचे करोना सोडून इतर कारणांनी झालेले मृत्यू मोजले गेले. फायझर आणि मॉडर्ना घेतलेल्यांत ते न घेतलेल्यांच्या सुमारे एकतृतीयांश होते. कर्करोग आणि हृदयविकार करोनाच्या लशीनं टळत नाहीत. ही झाली रिकामी गाडी. पक्षपात तिपटीचा.

आता तामिळनाडू पोलिसांचा आयसीएमआरचा अभ्यास घ्या. १ फेब्रुवारी ते १४ मे २०२१, दुसऱ्या लाटेचा ऐन काळ. लस न घेतलेल्या १७,०५९ पोलिसांत करोनानं २० मृत्यू. दोन डोस घेतलेल्या ६७,६७३ मध्ये ४. फरक जवळजवळ वीसपट, म्हणजे ९५ टक्के संरक्षण. यातून अमेरिकेतली तिप्पट पुरती वजा केली, तरी साडेसहापट फरक उरतो, सुमारे ८५ टक्के. खरं तर पोलिसांत इतकी वजाबाकी लागूही नये. सगळे नोकरीत, साठीच्या आतले, चालते-फिरते, अंथरुणावरचं कुणी नाही. हिशेब ढोबळ आहे, पण कल स्पष्ट आहे. करोनाच्या मृत्यूपासून त्या लशींनी वाचवलं. आणि हीच तिप्पट जुन्या फ्लू-अभ्यासांतल्या "निम्म्या मृत्यूं"मधून वजा करा, हाती काही लागत नाही.

आता कात्रणवाल्या गुरुजींच्या प्रश्नाकडे येते. आयसीएमआरचा अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. १८ ते ४५ वयाचे, वरवर निरोगी, अचानक गेलेले ७२९ जण. प्रत्येकामागे त्याच परिसरातली, त्याच वयोगटातली, त्याच लिंगाची चार जिवंत माणसं, एकूण २,९१६. दोन डोस घेतलेल्यांत शक्यता सुमारे निम्मी. धोका वाढवणाऱ्या बाबी निघाल्या त्या अशा: करोनासाठी पूर्वी रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात अचानक मृत्यू, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू, नशा, नेहमीपेक्षा फार जोराचे श्रम. दोनपट हा फरक नेमका हेल्दी व्हॅक्सिनी बायसच्या आवाक्यातला आहे. म्हणून "लशीनं अचानक मृत्यू टळतात" असं मी या अभ्यासाच्या जोरावर म्हणणार नाही. पण लशीनं तरुणांचे मृत्यू पाचपट-दहापट वाढवले असते, तर तो डोंगर दोन-तीनपटीच्या पक्षपाताआड लपला नसता. गावात जी भीती आहे ती डोंगराएवढ्या धोक्याची आहे, आणि तिला हा अभ्यास पुरेसं उत्तर देतो. लहानसा, क्वचित आढळणारा धोका शोधायला वेगळ्या पद्धती लागतात, आणि त्या वापरून तो शोधत राहिलंच पाहिजे.

तुलनेतला पक्षपात कमी करायच्या आणि ओळखायच्याही पद्धती आहेत. एक तर रुग्णालयात खोकला-ताप घेऊन आलेल्या सगळ्यांचीच तपासणी करायची, आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांत लस घेतलेले किती, निगेटिव्ह निघालेल्यांत किती, हे पाहायचं. दोघंही दवाखान्याची पायरी चढणारेच, त्यामुळे काळजीचा फरक बराच मिटतो. दुसरी मला फार आवडते. लशीचा ज्याच्याशी सुतराम संबंध नाही असा परिणाम मुद्दाम मोजायचा. नगर-मनमाड रस्त्यावरचे अपघात मोजा, उसातले सर्पदंश मोजा. लस घेतलेल्यांत तेही कमी निघाले, तर जितके कमी तितकी आपली तुलना वाकडी.

यासाठी परदेशी यंत्रं लागत नाहीत. शेऱ्याचा रकाना संगणकात चढवायला लागतो, एवढंच. अंथरुणावर, स्थलांतर, रोजंदारी, नकार, आजारी असे पाच-सहा पर्याय ठेवले तरी पुष्कळ आहे. आशाताई ते आजही लिहितातच. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होतेच. दोन्ही जोडल्या तर आपल्या तालुक्यातल्या लस न घेतलेल्यांपैकी किती जण आधीच मरणपंथाला लागलेले होते, हे आपल्याला आपल्याच कागदांवरून कळेल. सिएटलचा आधार घ्यावा लागणार नाही. मी हे बैठकांतून मांडत आले आहे आणि मांडत राहीन.

हिवाळा तोंडावर आहे. फ्लूची लस घ्यावी का, असं दम्याचे, साखरेचे, हृदयाचे म्हातारे रुग्ण विचारतात. मी घ्या म्हणते. फ्लूपासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, ते वर्षागणिक कमी-जास्त होतं, आणि तुमच्या फुप्फुसांना तेवढंही हवं आहे, असं सांगते. मृत्यू निम्म्यानं टळतो असं सांगत नाही. आणि सोबत आलेल्या मुलाला विचारते, घरी अंथरुणावर कोणी आहे का. असेल तर पत्ता लिहून घेते, कारण त्या माणसापर्यंत सिस्टरला घरीच जावं लागणार असतं.